प्लेटांवर राख बसते

आई मंगळवारी सकाळी गेली. दुपारी आम्ही तिला घेऊन गायरानाच्या फाटकाशी थांबलो. फाटकाला कुलूप होतं.

आत सोलरच्या प्लेटा. बाहेर आम्ही. तिरडी खाली ठेवायची की खांद्यावरच धरायची, हे कुणाला सुचेना. शेवटी खाली ठेवली. रस्त्यावर.

किल्ली साइटवरच्या सुपरवायझरकडे होती. तरुण पोरगा, बाहेरगावचा, बोलायला नम्र. त्याने हेल्मेट काढून हातात घेतलं. तिरडीकडे बघितलं नाही. मला म्हणाला, "मॅडम, इथे परवानगी नाही. धूर होतो, राख उडते. प्लेटांवर राख बसली की जनरेशन पडतं. मला वर उत्तर द्यावं लागतं."

मी सांगलीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. नव्या ऊर्जेवरची मासिकं माझ्याच हातून रॅकवर जातात. त्यात मी वाचलं होतं. प्लेटेवर धूळ बसते, पाखरांची घाण बसते, आणि वीज कमी होते. त्या यादीत आता माझी आई आली होती.

ज्या प्लेटांवर तिची राख बसायला नको होती, त्या प्लेटा ती धूत होती.

कडेगावच्या बाजूला आमचं गाव. गायरान गावाच्या वरच्या अंगाला, माळावर. सरकारच्या योजनेत ते सोलरला भाड्याने गेलं. ऊन वर यायच्या आत प्लेटा धुवाव्या लागतात. त्या कामाला ठेकेदाराने आमच्या वस्तीतल्याच बायका घेतल्या. बाकी गावातल्या बाया त्या माळावर पाय ठेवत नव्हत्या. कारण तिथे आमची माणसं जळायची. गावाचं स्मशान खाली नदीकडे, आमचं वर गायरानात. पिढ्यान् पिढ्या असंच. कागदावर मात्र त्या जागेला गायरान म्हटलंय, पडीक. तिथे माणसं जाळतात हे कुठे लिहिलेलं नाही. आम्हीही कधी लिहून घेतलं नाही. आपली जागा आहे, तिला कागद कशाला, असं सगळ्यांना वाटायचं. ती जागा दुसऱ्या कुणाला हवी होईल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

जेसीबी फिरला, बाभळ गेली, तारेचं कुंपण आलं. मधल्या काळात वस्तीत कुणी वारलं नाही. म्हणून फाटकापर्यंत यायची वेळ आली नाही. पहिली आई.

आई पहाटे डोक्याला फडकं बांधून, लांब दांड्याचा वायपर खांद्यावर टाकून निघायची. मी सुट्टीला गेले की विचारायची, "येतीस का? उन्हाला आंगूळ घालाय चाललोय." आणि आपल्याच बोलण्यावर हसायची. तिला ते काम आवडायचं. ऊसतोडीपेक्षा बरं, म्हणायची. पाचट लागत नाही अंगाला.

एक गोष्ट तिने मला उशिरा सांगितली. शेवटच्या रांगेच्या टोकाला, कुंपणाकडच्या बाजूला, जिथे बाभळ होती, तिथे माझे वडील जळले होते. त्या टोकाच्या प्लेटा ती दुसऱ्या कुणाला धुवू देत नसे. "तुजा बा हाय तितं," ती म्हणाली. "पानी मारताना जरा बोलून घेते. लाईट तयार करतोयस आता म्हाताऱ्या, म्हणते. जित्तेपणी घरात एक बल्ब लावला न्हाईस." मग म्हणाली, "मला बी तितंच न्या."

म्हणून आम्ही त्या फाटकाशी उभे होतो.

सरपंच मोटरसायकलवरून आले. फौजेतून रिटायर झालेले. आमच्या वस्तीतल्या निम्म्या माणसांना त्यांच्याच उसात काम. त्यांनी गाडी स्टँडवर लावली, टोपी काढली, आईला हात जोडले. तेवढं केलं. मग माझ्याकडे वळले.

"तू शिकलेली हायस. तुला काय सांगायचं? देशाचं काम हाय ह्ये. आता दिवसा लाईट मिळती. रातचं मोटर चालू कराय जाताना माणूस सापावर पाय दीत न्हाई. ऑर्डर वरनं हाय, माझ्या हातात काय न्हाई. ओढ्याच्या कडंला घ्या की. आन् जरा वारा फिरला की पेटवा."

सुपरवायझरने मोबाईल बघितला. "संध्याकाळी फिरेल असं दाखवतंय," तो म्हणाला.

सरपंचांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. रात्रीच्या पाण्यापायी माणसं मेली आहेत, मला माहीत आहे. फक्त वस्तीत एकाचीही मोटर नाही. ज्यांना दिवसा वीज हवी होती त्यांच्या जमिनी शाबूत राहिल्या. आमची एकच जागा होती. मेल्यावरची.

तात्या पुढे आले. वडिलांचे चुलतभाऊ, वस्तीतले सगळ्यात थोरले. काठी टेकून सावकाश बोलले. "आवं सरपंच, पानी माराय तिचा हात चालत हुता. आता राख चालंना व्हय?"

मागे कुणीतरी हसलं. लगेच गप्प झालं.

"तात्या, मयताच्या टायमाला राजकारण नगं."

"मयत आमचं हाय न्हवं? मग टाईम बी आमचाच."

पण सरपंच नुसते बघत राहिले, आणि माणसं वाकली. तिरडी उचलायला. ओढ्याकडे न्यायला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. नुसत्या बघण्याने पाठी वाकल्या. त्या पाठी मला अजून दिसतात. ग्रंथालयात पुस्तकं लावताना दिसतात. त्यात माझ्या भावाचीही पाठ होती.

मी म्हणाले, "थांबा."

माझा आवाज मोठा नाही. माझ्या कामात मोठा आवाज लागत नाही. पण माणसं थांबली.

मी सरपंचांना म्हणाले, "ओढ्याला नाही. इथे जमत नसेल तर गावाच्या शेडमध्ये नेतो. नदीवर. तिथे प्लेटा नाहीत."

"कुठल्या शेडमधी?"

"गावाच्या. सरकारी पैशातून बांधलंय ते. आम्हीही गावातच राहतो."

नदीकाठच्या स्मशानातल्या त्या शेडला पत्रा आहे, काँक्रीटचा ओटा आहे, नळ आहे. आमचं एकही माणूस तिथे जळलेलं नाही. नको म्हणून कुणी कधी लिहून दिलं नाही. आम्ही कधी विचारलंही नव्हतं. मलाही त्या क्षणापर्यंत ते सुचलं नव्हतं.

सरपंचांचा चेहरा बदलला. ते बाजूला गेले, कुणाला तरी फोन लावला. परत आले ते सरळ सुपरवायझरकडे.

"खोला."

"साहेब, पण जनरेशन..."

"अवो, खोला म्हंतो न्हवं. आजच्या दिवस. वर मी बोलतो."

कुलूप निघालं.

आतापर्यंत ऑर्डर वरून होती. देशाचं काम होतं. वारा फिरायला हवा होता. गावाचं स्मशान मागितलं आणि सगळं मिटलं. वीज बुडाली तरी चालेल, आमची आई त्यांच्या ओट्यावर नको. मी आयुष्यभर पुस्तकांत हे वाचलं आहे. त्या फाटकाशी ते पहिल्यांदा अंगावर आलं. राखेचा प्रश्न नव्हताच. यंत्र नवं आलं होतं, नकार जुनाच होता. फक्त त्याला एक स्वच्छ, शास्त्रीय कारण मिळालं होतं.

मी तेव्हाच मागे फिरून शेडकडे जायला हवं होतं का, हा प्रश्न मला रोज पडतो. पण आईने जागा सांगितली होती. ती जागा समोर उघडी होती. मी तिला आत नेलं.

शेवटच्या रांगेच्या टोकाला, कुंपणाच्या मोकळ्या पट्टीत सरण रचलं. त्रिसरण, पंचशील झालं. भावाने अग्नी दिला. वारा फिरला नव्हता. धूर सरळ प्लेटांवरून गेला. प्लेटांत आभाळ दिसत होतं, आणि त्या आभाळातून तो धूर जात होता. सगळीकडे तीच. मान फिरवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा माणूस वस्तीत आला. "चला बायांनो. डबल हजेरी. टोकाकडची रांग धुवायची हाय."

आईच्या जोडीने काम करणाऱ्या मालनकाकू उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

"तिला आमी पुसून काढायची व्हय?"

"काकू, काम हाय ह्ये. त्यात काय एवढं?"

"मग तुमीच मारा वायपर. हात हायत की दोन."

एकही बाई गेली नाही. आदल्या दिवशी तिरडी उचलायला वाकलेले पुरुष दारांत उभे राहून बघत होते. नंतर दुसऱ्या गावाहून टेम्पोने बायका आणल्या. आपण काय धुतोय ते त्यांना माहीत नसणार. वस्तीतल्या बायकांचं काम कायमचं गेलं. मालनकाकू परत ऊसतोडीला जातात. त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही.

मला झोप लागते, पण मध्येच पाण्याचा आवाज येतो. काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याचा. ग्रंथालयातली कपाटं काचेची आहेत. शिपाई फडकं घेऊन आला की मी म्हणते, राहू दे आज.

आम्ही तहसीलला अर्ज दिला आहे, ती जागा कागदावर स्मशान म्हणून लावा म्हणून. उत्तर नाही. सरपंचांनी निरोप पाठवला, ओढ्याकाठी जागा सपाट करून देतो, वर सोलरचा दिवा लावून देतो. विहारात बैठक झाली. पाठी वाकलेली सगळी माणसं आली होती. मी एवढंच म्हणाले की आता फाटक उघडायची विनंती करायची नाही. ओढ्याला जायचं नाही. यापुढे वस्तीतलं प्रत्येक माणूस गावाच्या शेडमध्ये. उसातलं काम जाईल, हे सगळ्यांना कळत होतं. मग तात्या म्हणाले, "पुढचा नंबर माझाच. मला पत्र्याखाली न्या. लय उन्हात काडला जलम."

भावाने पहिला हात वर केला.

तात्यांना आता अंथरुणातून उठवत नाही. शेडकडे जायचा रस्ता गावातून जातो, सरपंचांच्या दारावरून. आम्ही त्याच रस्त्याने जाणार आहोत.