पोटमाळ्यावरची बाई

"वर कोणी नाही," असं मी लेबर इन्स्पेक्टरला सांगितलं, तेव्हा ती बाई माझ्या डोक्यावरच, पोटमाळ्यावर गठ्ठ्यांमागे पडून होती. चूक माझीच. वसई पूर्वेला बॅगांच्या एका गाळ्यात मी सुपरवायझर. किमान वेतनाचा नवा दर लागू झाला होता आणि तो मिळतो का, हे इन्स्पेक्टरसाहेब कामगारांनाच विचारत. म्हणून ते आले की कमी मजुरीवरच्या बायकांना वर पाठवायची आमची रीत होती. त्या दिवशी ती एकटीच होती.

ती जवळच्या कळंब गावाहून यायची. धागे कापायची छोटी कात्री तिच्या बोटांत कायम असे. ती गप्प असली तरी कात्री टिकटिक चालत राही.

साहेब गेल्यावर मी हाक मारली. उत्तर नाही, टिकटिकही नाही. शिडी चढून पाहिलं. ती उताणी पडली होती, डोळे सताड उघडे.

"बाई, गेले ते. उतरा."

"उतरनार कोन?" तिचे ओठ जेमतेम हलले. "वर कोन नाय, तुमीच बोलले ना?"

ती उतरली, कामाला बसली. पण त्यानंतर माझ्या हाकेला तिने कधी ओ दिली नाही. जेवणाच्या सुट्टीत गाळा रिकामा झाला, की माळ्यावर मला कात्री ऐकू यायची.

साहेब पुन्हा आले, तेव्हा रीतीप्रमाणे ती वर गेली होती. "वर कोण आहे?"

मी शिडी धरली.

"एक बाई आहेत, साहेब." मग वर पाहून म्हणालो, "बाई, खाली या. मजुरी किती मिळते ते तुम्हीच सांगा. तुम्ही होतात आणि मी कोणी नाही म्हणालो. मला माफ करा."