खोललेला बोल्ट

माझ्या सासरी काहीही वाया जात नाही. पोत्याच्या सुतळ्या, बाटल्यांची झाकणं, सायकलची तुटकी चेन, सगळं माळ्यावरच्या डब्यांत जमा. बिनदिक्कत फेकली जाते ती एकच गोष्ट, गाडीच्या बंपरला बांधलेली लिंबू-मिरची. ती दर शनिवारी नवी. जुनी लिंबू-मिरची ठेवून घेतली तर मामाजी, म्हणजे माझे सासरे, घर डोक्यावर घेतील.

गाडी माझी आहे. एरवी मीच चालवते. पुढच्या ब्रेकचं काम निघालं तेव्हा आमच्या जळगाव जामोदच्या मेकॅनिकनं मला सगळं समजावून सांगितलं होतं. ब्रेकचा कॅलिपर धरून ठेवणारे बोल्ट कसताना किंचित ताणले जातात आणि त्या ताणावरच घट्ट बसतात. सगळेच बोल्ट असे नसतात, पण हे असतात. एकदा खोलले की दिसायला कितीही ठणठणीत असोत, परत लावायचे नाहीत. मी म्हटलं, नवे मागवा, आणि शाळेत शिकवायला गेले. संध्याकाळी मामाजी गाडी घेऊन आले. काम झालं म्हणाले. मी विश्वास ठेवला.

रविवारी लेकीला रेल्वेसाठी नांदुऱ्याला सोडायला निघालो. लेक मागे, मामाजी माझ्या शेजारी. समोर कापसाची ट्रॉली अचानक वळली. मी ब्रेक दाबला, चाकात काहीतरी कडाडलं आणि पाय थेट तळाला गेला. गाडी एका बाजूला ओढली गेली आणि शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, जाऊन टेकली. लेकीचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं होतं. कपाळावर हे एवढं टेंगूळ.

मी तिला पाणी पाजलं आणि मेकॅनिकला फोन लावला. तो चाचरत म्हणाला, "तुमच्या आबाजीनं जुनेच घासून देल्ले, मॅडम. मोठ्या माणसाले नाही कसं म्हनू?" त्या शहाण्याला सगळं माहीत होतं. मला एक फोन केला असता तर बोटं झिजली असती का त्याची? माझी गाडी, माझी लेक, आणि शब्द मात्र मामाजींचा चालला.

इकडे मामाजींनी बंपरची लिंबू-मिरची तोडून धुऱ्यापलीकडे भिरकावली. "यानं घेतलं आपल्यावरचं सारं," ते म्हणाले. "आता हे कामाचं नाही." मग मागे रस्त्यावर पडलेला बोल्ट उचलला, सदऱ्याला पुसला आणि खिशात टाकला.

माझं डोकंच फिरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. "तो बोल्ट काढा खिशातून, मामाजी. लिंबाचं जे, तेच त्याचं. एकदा ताण घेतला की संपला."

"चांगला हाये ना पन. काऊन फेकाचा?"

"नातीच्या कपाळाकडे बघा आणि परत म्हणा."

त्यांनी पाहिलं. मग खिशात हात घातला आणि बोल्ट लिंबाच्या दिशेनं फेकून दिला. आता तरी लेकीला जवळ घेतील असं मला वाटलं, पण ते तसेच उभे राहिले. गाडीच्या दुसऱ्या चाकाकडे बोट दाखवून खालच्या आवाजात म्हणाले, "तिकडचेही जुनेच हायेत."