होडीतला भोंगा

बाबांच्या होडीच्या तळात पाणी शिरलं की भोंगा वाजावा म्हणून मी एक सर्किट बनवलं होतं. तळाशी दोन उघड्या तारा, त्या पाण्यात बुडाल्या की बोंब सुरू. घरी बादलीत झकास चाललं. होडीत चार दिवसांत ते कोरड्या तळावरही बोंबलायला लागलं.

रेवदंड्याच्या धक्क्यावर मी चिडून ट्रान्झिस्टर बदलला, मग आख्खं सर्किटच. बोंब चालूच. ओहोटी लागलेली, बाबांना निघायची घाई. शेवटी बॅटरी काढून मी सोल्डरिंग तपासत बसलो. बाबांनी तारांवरून बोट फिरवून जिभेला लावलं.

"मीठ धरलंय. इंजिन रोज गोड्या पाण्यानं धुतो आम्ही. हे कोण धुणार, तुझा बाप?"

आणि त्यांनीच तारा धुऊन फडक्यानं पुसल्या. भोंगा गप्प होता. मिठाला ओल सुटली की त्यातूनही वीज जाते, एवढं साधं मला सुचू नये! त्या रागातच मी सर्किटची डबी बंद करून त्यांच्या हातात दिली.

होडी खाडीच्या तोंडाबाहेर गेली. बाबांचा फोन लागेनासा झाला. घरी निघायला गाडीची चावी काढावी म्हणून मी खिशात हात घातला, तर हाताला बॅटरी लागली.