कुंभारीण माशी आणि काचेवरची पिचकारी

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ह्यांनी मुंबईहून एक जुनी विलायती मोटार आणली. तिच्या काचेवर पाणी उडवायला पिचकारी होती. आतलं रबरी बटण दाबलं की बॉनेटवरून पाणी उडायचं. सासूबाईंना घेऊन आम्ही महाडहून वरंधला निघालो, तेव्हा पुढच्या ट्रकच्या धुळीने काच लाल झाली. ह्यांनी बटण दाबलं, पण पाणी येईना.

गाडी आंब्याखाली थांबवून ह्यांनी बॉनेट उघडलं. पाण्याची बाटली भरलेली होती. पिचकारीच्या तोंडापासून नळी सोडवून ते मला म्हणाले, "आता दाब." मी दाबलं, तर पाणी थेट त्यांच्या सदऱ्यावर! म्हणजे तोंडच बुजलं होतं. कापडे गावात वाढलेल्या सासूबाई वाकून म्हणाल्या, "कुंभारीण माशीनं माती भरली हाय रे. घर बांधाया बसली व्हती ती." मी अंबाड्यातला आकडा काढून दिला. ह्यांनी हलकेच माती कोरली आणि नळी पुन्हा बसवली.

मी बटण दाबलं. काचेवरून लाल ओघळ उतरले आणि त्यांच्यापलीकडचे डोंगर, शेतं, समोर उभे असलेले हे, सगळंच पाण्यात तरंगल्यासारखं हललं. काच केव्हाच स्वच्छ झाली, तरी मी दाबतच राहिले.

"अगो, पुरे!" सासूबाई हसत म्हणाल्या. तोवर बाटली रिकामी झाली होती.