बोका व्याला

छापखान्यात त्यांना सगळे शुद्धिपत्र म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांच्या कानावर ते आलं होतं. त्यातली वेलांटी पहिली असावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

एकतीस वर्षं ते मुद्रितशोधक होते. पाठ्यपुस्तकं, आमंत्रणं, औषधांच्या बाटलीबरोबर येणारी घडीची पत्रकं, एका निवृत्त न्यायाधीशाचं आत्मचरित्र, असं जे येईल ते वाचत. प्रत्येक मजकूर ते दोनदा वाचत. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा उलटा, म्हणजे शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. सरळ वाचताना अर्थ लागतो, आणि एकदा अर्थ लागला की डोळा जे असायला हवं ते वाचतो, जे आहे ते वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरं वाचन झाल्याशिवाय ते 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही करत नसत. मालक घाई करत तेव्हा ते मालकांनाही उलटे वाचत असल्यासारखे बघत, आणि मालक निघून जात.

कागदाच्या गोदामात कात्रणांचं एक खोकं होतं. त्यात एक मांजर व्यालं. शुद्धिपत्र दुपारचा डबा गोदामात खात, कारण तिथे कुणी बोलायला येत नसे. आता चार पिल्लं होती, पण तीही बोलत नव्हती. त्यांचे डोळे बंद होते, कान डोक्याला चिकटलेले होते, आणि ती धुऊन पिळून टाकलेल्या मोज्यांसारखी एकमेकांवर पडलेली असत. नवव्या दिवशी नारिंगी पिल्लाने एक डोळा उघडला. दुसरा उघडायला दीड दिवस घेतला. डोळे निळे होते.

"हे निळे राहायचे नाहीत," बाइंडर म्हणाला.

"माझी तक्रार नाही," शुद्धिपत्र म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात कान उभे राहिले आणि पिल्लं चालू लागली. पुढचे पाय एका कामाला निघत आणि मागचे दुसऱ्या. चौथ्या आठवड्यात नारिंगी पिल्लाने डब्याच्या झाकणातलं दूध चाटलं, त्यात नाक बुडवलं, शिंकलं आणि पुन्हा चाटलं. त्या दिवशी शुद्धिपत्रांचा डबा अर्धा राहिला.

घरी ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. ताई प्रसूतिगृहात मुख्य नर्स होती, आता निवृत्त. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. का, ते दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नव्हतं.

"ताई, एक मांजराचं पिल्लू आणू म्हणतो."

"बोका असेल तर आण. मांजरी नको. एकोणतीस वर्षं लोकांची बाळंतपणं केली. या घरात एकही व्हायला नको."

"बरं."

"बोकाच आहे ना?"

"बघून सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनवाल्याला विचारलं. त्याने शाईच्या हातांनी पिल्लू उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. "नारिंगी आहे ना? मग बोकाच. नारिंगी सगळे बोकेच."

शुद्धिपत्रांनी स्वतः पाहिलं नाही. पाच आठवडे ते त्याला 'ते' म्हणत होते. पिल्लू नपुंसकलिंगी असतं, भाषेने तेवढी सोय केलेली आहे. त्या दुपारपासून ते 'तो' म्हणू लागले. आठव्या आठवड्यात आईने दूध तोडलं तेव्हा बाकीची तीन ज्यांनी मागितली होती त्यांच्याकडे गेली आणि हा टोपलीतून घरी आला. ताईने नाव ठेवलं बोक्या. नाव ठेवण्यात ती फार वेळ घालवत नसे.

लस टोचायला नेलं तेव्हा एक कार्ड भरायचं होतं. नाव: बोक्या. लिंग: नर. अक्षर इतकं सुबक होतं की डॉक्टरांनी कार्ड वाचलं आणि मांजर वाचलं नाही.

तिसऱ्या महिन्यात बोक्याला पायांची बोटं सापडली. पांघरुणाखाली बोट हललं की तो झडप घालायचा. डोळे आता पिवळट झाले होते. चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडू लागले. एक ताईला झाडताना मिळाला. तो शुद्धिपत्रांनी काडेपेटीत ठेवला.

"माझे दात पडले ते नाही ठेवले कुणी," ताई म्हणाली.

"तुझे एकदम निघाले. कवळीबरोबर डब्यात आहेत."

पाचव्या महिन्यात तो कपाटावर पोचला. हातपाय लांब झाले, अंग मागे राहिलं, शाळा सुटायच्या वयातल्या मुलांसारखं. दिवसातले पंधरा-सोळा तास तो झोपायचा आणि उरलेल्या वेळात घर त्याचं असायचं. ताई त्याच्याशी भाजी चिरताना बोलायची. काय बोलायची ते शुद्धिपत्रांना कळलं नाही, कारण ते आत आले की ती थांबायची.

आठव्या महिन्यात बोक्या चार दिवस ओरडला. जमिनीवर लोळायचा, मागचा भाग वर करून घासत चालायचा.

"पोट दुखतंय त्याचं," ताई म्हणाली.

"वयात येतोय."

"बोके असं करतात?"

"करत असावेत."

पाचव्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेला आणि दोन दिवसांनी परत आला. खूप खाल्लं आणि झोपला. त्यानंतर तो सुटत गेला. ताई रोज त्याच्या पोटावरून हात फिरवायची आणि त्याचं खाणं कमी करायची.

"बसून बसून तुझ्यासारखा झालाय."

शुद्धिपत्रांनी एकदा त्याच्याकडे मागून, शेपटीपासून पाहायला सुरुवात केली होती. मग त्यांना काहीतरी काम आठवलं.

एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास ते कपाटातून शब्दकोश काढायला वाकले. खालच्या खणात जुन्या प्रुफांच्या गठ्ठ्यावर बोक्या आडवा होता. काही वेळ ते तसेच वाकून राहिले. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"ताई, बोका व्याला."

"काय?"

त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. असं वाक्य समोर आलं असतं तर त्यांनी लाल शाईने आडवं केलं असतं. त्यातला एकही शब्द आत्ता त्यांना बदलता येईना.

ताईने कोपरापर्यंत हात धुतले. खणासमोर स्टूल ओढून बसली. "पंखा बंद कर. जुना टॉवेल आण. आणि तू बाहेर थांब." ते बाहेर थांबले. दीड तासाने तिने हाक मारली. तीन पिल्लं होती. तिने पुन्हा हात धुतले आणि पुसत विचारलं, "माहीत होतं तुला?"

"नाही."

"मग?"

"दुसरं वाचन केलं नाही."

ती त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहिली होती, की याचा अर्थ तिला सांगावा लागला नाही. "का नाही केलंस?"

"मांजरी निघाली असती. मग तू आणू दिली नसतीस."

ताई स्टुलावर बसली. खणातून चाटण्याचा आवाज येत होता. शुद्धिपत्रांनी दाराची कडी धरली होती.

"तुझ्या अटीप्रमाणे," ते म्हणाले, "तिला कुठेतरी…"

"एकोणतीस वर्षं," ताई म्हणाली. "रोज पोटावर हात फिरवत होते, आणि तिचं खाणं तोडत होते. बाळंतीण होणारीचं. मी. कुणाला सांगू नकोस."

"नाही."

"पिल्लं आठ आठवडे राहतील. मग तिचं ऑपरेशन. ती राहील. आता दूध आण, आणि कंजूषपणा करू नकोस."

पाचव्या आठवड्यात मशीनवाला पिल्लू निवडायला आला. त्याने एक उचललं. "नारिंगी. म्हणजे बो…"

"खाली ठेव," ताई म्हणाली. "दोनदा तपासून होईपर्यंत 'ते' म्हणायचं."

पिल्लं गेली त्या आठवड्यात बोक्याला वर्ष पूर्ण झालं. ऑपरेशनसाठी शुद्धिपत्रांनी कार्ड काढलं, 'नर'वर लाल रेघ मारली, समासात 'मादी' लिहिलं आणि खाली आद्याक्षरं टाकली.

"नाव बदलायचं?"

"तिला तेच कळतं," ताई म्हणाली.

त्यांनी कार्ड उलटं वाचलं. मादी, लिंग, बोक्या, नाव. मग मांजरीकडे पाहिलं, या वेळी शेपटीपासून. हरकत नव्हती.