जाहिरातींत गेलेला शेवट

जुन्नरच्या पेठेत एक म्हातारा बुकबाइंडर होता. वाचनालयाची मासिकं वर्षाअखेरीस मी त्याच्याकडे बांधायला नेत असे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे चाचा म्हणत, मीही म्हणायचो.

जाहिरातींची पानं फाडून मगच तो अंक शिवायला घ्यायचा. फाडलेली पानं मात्र मन लावून वाचायचा, कारण लेखकांच्या आणि नटनट्यांच्या खबरा तिथंच छापलेल्या असत. खळीनं माखलेली बोटं लुंगीला पुशीत तो मला सगळं सांगायचा: कोणत्या कवीनं कुणाशी अबोला धरला, कोणत्या नटीनं गुपचूप लग्न उरकलं.

एकदा धीर करून, मी ज्या टोपणनावानं लिहायचो तेच त्याच्यापुढं काढलं. "चाचा, ह्या लेखकाचं काय ऐकलंत?"

त्यानं सुई थांबवली. "ह्येंचं कदी काय छापून आलं न्हाई, भाऊ. भांडण न्हाई, लगीन न्हाई. मेलं आसत्याल."

मी हसलो. त्याच वर्षीच्या अंकात माझी छापून आलेली एकुलती एक कथा होती. वाचनालयात येऊन बांधलेला खंड उघडला. कथेची शेवटची दोन पानं मासिकानं मागं, जाहिरातींमध्ये टाकली होती. चाचानं तीही फाडली होती.

कुणीतरी येऊन विचारेल, पुढं काय झालं, म्हणून मी तो खंड तसाच कपाटात लावला. चाचा जाऊनही आता वर्षं झाली. खंड कितीतरी जणांनी घरी नेला, वाचला, वेळेवर परत आणला.

विचारलं कुणीच नाही.