परीक्षकांची एक ‘वा’

परीक्षकांनी मला फसवलं. भर सभागृहात, माझं गाणं चालू असताना, मोठ्यानं ‘वा!’ म्हणून फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी ‘तसं नसेल हो’ म्हणायला नको.

मी देवळ्याकडचा. घरी कांदा. शाळेत असल्यापासून वडिलांबरोबर लिलावाला उभा राहिलोय. व्यापारी ढिगातून कांदा उचलतो, दाबतो, वास घेतो, आणि चेहरा असा करतो की जणू कुणी गेलंय आणि हा घरी भेटायला आलाय. माल कितीही उत्तम असो, तो चांगला म्हणत नाही. म्हणाला तर भाव चढेल. त्यामुळे मला लहानपणीच कळलं होतं, की ज्यानं तोंडानं तारीफ केली त्यानं माल घेतला. याच शहाणपणावर मी आज सातपूरला बेअरिंग आणि बेल्टचं दुकान चालवतो. सुरुवात दुसऱ्याच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात एका कपाटापासून केली. पुरवठादारासमोर मी आजवर कशालाही बरं म्हटलेलं नाही. बायको म्हणते, मला बघायला आलात तेव्हाही हेच तोंड होतं.

नाशिकला कॉलेजात आलो आणि एका मित्रामुळे गाण्यात पडलो. तो सातपूरच्या कामगार वसाहतीतला, तबलजी. प्रॅक्टिकलला टेबल वाजवायचा आणि मी गुणगुणायचो. त्यानंच माझं नाव आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दिलं. शास्त्रीय गायन, वेळ सात मिनिटं. सहाव्या मिनिटाला एक घंटा, सातव्याला दोन. त्यापुढे गुण कापणार. पहिला येणारा पुण्याच्या फेरीला जाणार. मला पुण्याला जायचंच होतं.

कॉलेजात संगीत कक्ष होता, पण त्याची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई कायम रजेवर. म्हणून चार महिने आम्ही मागच्या सायकल स्टँडवर सराव केला. भीमपलास. तासभर गायचा राग आम्ही शिंप्यासारखा कापत कापत सहा मिनिटं पन्नास सेकंदांवर आणला. दहा सेकंद नमस्काराला ठेवले होते. कारण तिथली रीत अशी, की स्पर्धकानं मंचावर आल्यावर आधी परीक्षकांना वाकून नमस्कार करायचा, आणि घड्याळ मात्र तो मंचावर आल्याबरोबर सुरू व्हायचं. ज्याला आदर जास्त त्याचं गाणं कमी.

स्पर्धेच्या दिवशी विंगेत जो तो ‘माझा घसा बसलाय’ म्हणत होता. हे तिथलं पेटंट वाक्य. म्हणजे हरलो तर घसा, जिंकलो तर बसलेल्या घशानं जिंकलो. ज्येष्ठमध आणि खडीसाखरेच्या पुड्या फिरत होत्या. एक मुलगा तर मफलर गुंडाळून, कुणाशी न बोलता, पाटीवर लिहून उत्तरं देत होता. तो सुगम गायनात होता.

माझा नंबर विसावा. परीक्षक सर सकाळपासून मान खाली घालून लिहीत होते. एकोणीस जण गाऊन गेले, त्यांनी डोकं वर केलं नव्हतं. मी पाचव्या मिनिटाला होतो. निषादावरून पंचमाला येताना एक छोटी वळणाची जागा होती, ती सायकल स्टँडवर शंभरदा चुकली होती. त्या दिवशी बरोबर पडली. सरांनी मान वर केली, हात उचलला आणि म्हणाले, “वा!”

मी काय केलं? गिऱ्हाईकाला आवडलं म्हणून माल परत दाखवला. तीच जागा पुन्हा घेतली. मग तिसऱ्यांदा. एक घंटा वाजली ती ऐकू आली नाही, दोन वाजल्या त्या ऐकू आल्या, पण तोवर मी समेपासून फार लांब होतो.

निकाल लागला. मला उत्तेजनार्थ. काय शब्द आहे! हरलेल्याला मंचावर बोलवायचं, टाळ्या वाजवायच्या आणि वर सांगायचं की हे तुझ्याच उत्तेजनासाठी.

“येड्या,” मित्र तबले गुंडाळत म्हणाला, “गिऱ्हाईक खूश झालं की बिल फाडायचं. परत कपाट कशाला उघडलं?”

माझं डोकं आधीच फिरलं होतं. मी सरळ सरांसमोर जाऊन उभा राहिलो.

“सर, तुम्ही ‘वा’ म्हणालात.”

“म्हणालो असेन.”

“म्हणून मी ती जागा परत घेतली. वेळ तुमच्यामुळे गेला आणि गुण माझे कापले.”

“अरे बाळ, गुणपत्रिकेत स्वर, ताल, राग आणि वेळ एवढेच रकाने आहेत. ‘वा’चा रकाना नाही.”

“मग म्हणालात कशाला?”

सर पेनाचं टोपण शोधायला लागले. तेवढ्यात आयोजक प्राध्यापकांनी माझा दंड धरला आणि ‘चहा घे, चहा घे’ करत मला बाहेर काढलं. प्रश्न तिथंच राहिला.

तो प्रश्न मी सोडलेला नाही, कारण त्या स्पर्धांतून मला दुसरं काही मिळालं नाही. ढालीचा मुलामा उडाला, प्रमाणपत्राला वाळवी लागली. उरलं ते एवढंच, की चार महिने एका वळणासाठी घसा घासला आणि ज्याचं माझ्याकडे काही काम नव्हतं अशा एका माणसानं मान वर केली. माझ्या धंद्यात कामाशिवाय कुणी मान वर करत नाही. म्हणून मी आजही पोरांना सांगतो, स्पर्धेत उतरा. पण ती ‘वा’ नुसती सवय असेल, जशी कुणाला खोकायची असते, तर मी इतकी वर्षं कशावर फुगून बसलोय?

यंदा त्याच स्पर्धेत मला बक्षिसं द्यायला बोलावलं, कारण ढाली मी दिल्या होत्या. (ढालवाल्याशी इतकी घासाघीस केली, की शेवटी त्यानं चहा विचारायचंही सोडलं.) शेजारच्या खुर्चीत तेच सर. केस पांढरे झालेले, मान तशीच खाली. मी ओळख दिली, भीमपलासची आठवण करून दिली.

“अशी पुष्कळ मुलं येतात हो,” ते म्हणाले.

मग पेठ तालुक्याकडची एक मुलगी गायला बसली. मारवा. स्वर असा लावला की मी घड्याळ बघायचा थांबलो. एका ठिकाणी ती कोमल रिषभावर क्षणभर टेकली आणि षड्ज न घेताच परत फिरली, आणि माझ्या तोंडून गेलं, “वा!” समोर माईक होता. सभागृहभर गेलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, हसली, आणि तीच जागा पुन्हा घेतली. मग पुन्हा. मी हातानं ‘पुढे चल, पुढे चल’ करत होतो. तिला वाटलं मी ताल धरलाय. दोन घंटा वाजल्या.

उत्तेजनार्थची ढाल मीच तिच्या हातात दिली. कार्यक्रम संपल्यावर ती मंचाच्या पायऱ्यांशी थांबली.

“काका, तुम्ही ‘वा’ म्हणाले म्हणून मी परत घेतलं.”

“माहितीये.”

“मग ती खरी होती का उगीच?”

“खरी होती,” मी म्हणालो. “आणि तुझा वेळ माझ्यामुळे गेला. चूक माझी.”

तिनं ढाल या हातातून त्या हातात घेतली. “मग ठीके. पण पुढच्या टायमाला गाणं झाल्यावर म्हणा.”

सर मागेच उभे होते. सगळं ऐकलं. “छान बोललात,” म्हणाले आणि चहाकडे वळले.

सर, मला उत्तर द्यायला दोन शब्द लागले, तेही पायरीवर उभ्या उभ्या. तुम्हाला पंधरा वर्षं दिली. गुण परत मागत नाही, पुणेही मागत नाही. माझ्या दुकानाचा पत्ता आयोजकांकडे आहे. या, किंवा चिठ्ठी पाठवा, पण चहाकडे वळू नका. त्या दिवशीची ‘वा’ खरी होती का उगीच? उत्तर द्या.